संकेतस्थळावरील भेटी आणि सभासद-नोंदवही यांची सांगड

शेतकरी उत्पादक कंपन्या, सहकारी संस्था व बचतगट यांच्या कारभाराचा बराचसा भाग आता मोबाईलवरून चालतो. बियाण्यांची मागणी नोंदविणे, बाजारभाव पाहणे, मालाच्या पैशांचा हिशेब तपासणे इत्यादी कामांसाठी अनेक संस्थांनी स्वतःची संकेतस्थळे सुरू केली आहेत. अशा संकेतस्थळास महिन्याकाठी किती भेटी झाल्या याचा आकडा सभेत वाचून दाखविला जातो, व तो मोठा असल्यास समाधानही व्यक्त होते. परंतु हा आकडा एकटा पाहिला तर कामास त्याचा फारसा उपयोग होत नाही. भेट देणारे सभासद होते की वाटसरू, त्यांचे काम पुरे झाले की ते अर्ध्यावरून परतले, आणि जे मुळीच आले नाहीत ते कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात नसतात.

ही उत्तरे मिळवावयाची तर भेटींची नोंद व सभासदांची नोंदवही यांची सांगड घालावी लागते. हे काम संगणकतज्ज्ञाचेच आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ज्यास सातबारा व आठ-अ वाचता येतो त्यास ते समजण्यास अडचण पडू नये. त्याची रीत, त्यात होणाऱ्या चुका व पाळावयाची पथ्ये यांची माहिती ग्रामस्तरीय कार्यकर्ते व शेतकरी सभासद यांस व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

दोन वह्या, दोन स्वभाव

संकेतस्थळ उघडले की कोणते पान कोणत्या वेळी पाहिले गेले, तेथून पुढे कोठे जाणे झाले, कोठून माघार घेतली, याची नोंद आपोआप होते. गुगल अ‍ॅनालिटिक्स किंवा मॅटोमो यांसारखी साधने हे काम करतात. ही पहिली वही. तिला आपण भेटवही म्हणू. या वहीत माणसाचे नाव नसते. मोबाईलमधील ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक लहानशी खूण ठेवली जाते, व तीच खूण पुन्हा दिसली म्हणजे तोच मोबाईल पुन्हा आला असे मानले जाते. म्हणजे भेटवही माणसे मोजीत नाही, ब्राउझर मोजते. एकाच शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून व मुलाच्या मोबाईलवरून पान पाहिले तर ते दोघे ठरतात, आणि घरातील पाच जणांनी एकच मोबाईल वापरला तर ते पाच मिळून एक ठरतात.

दुसरी वही सभासदांची. तीत नाव, गाव, पाडा, जमिनीचे क्षेत्र, पिके, मागील मागणी व येणे-देणे असते. ही वही माणूस ओळखते. परंतु त्याने काय करू पाहिले व कोठे त्याचे अडले, हे तिला ठाऊक नसते. भेटवहीस प्रयत्न दिसतो पण माणूस दिसत नाही. सभासद-वहीस माणूस दिसतो पण प्रयत्न दिसत नाही. दोहोंचा मेळ घालणे म्हणजेच सांगड घालणे होय.

गावदप्तरातील दाखला

अशी सांगड आपल्या गावदप्तरात फार पूर्वीपासून आहे. सातबारा हा जमिनीच्या तुकड्यापुढे लिहिला जातो, तर आठ-अ हा खातेदारापुढे. एका माणसाची जमीन पाच गटांत विखुरलेली असली तरी आठ-अ मध्ये ती एकत्र दिसते, याचे कारण दोहोंना जोडणारा खाते-क्रमांक. तसेच गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार-नोंदवही. खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला, की तिच्यात क्रमाने व तारखेने नोंद होते आणि त्या फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर येतो.

भेटवही ही फेरफार-नोंदवहीसारखी असते. तीत घडलेल्या गोष्टी एकामागून एक, तारीखवार लिहिल्या जातात. सभासद-वही ही आठ-अ सारखी असते. तीत प्रत्येक माणसाची सद्यःस्थिती असते. दोहोंस जोडणारा एक क्रमांक नसेल, तर कितीही बुद्धी चालविली तरी मेळ बसणार नाही.

दुवा-क्रमांक कसा असावा

सभासदाने संकेतस्थळावर स्वतःचा क्रमांक व पासवर्ड देऊन प्रवेश केला, म्हणजे लॉगिन केले, तरच त्याची भेट त्याच्या नावाशी जोडता येते. लॉगिन न करता पाहून गेलेल्यांची नोंद निनावीच राहते व ती निनावीच राहू द्यावी. लॉगिन होताच सभासदास दिलेला एक क्रमांक भेटवहीत त्या भेटीपुढे लिहिला जावा, एवढी व्यवस्था संकेतस्थळ बांधणाऱ्याकडून करून घ्यावी. हा दुवा-क्रमांक ठरविताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

नाव हा दुवा होऊ शकत नाही. एकाच पाड्यावर एकाच नावाची व आडनावाची दोन-तीन माणसे आढळतात, आणि एकच नाव कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. मोबाईल क्रमांकही चालत नाही. तो बदलतो व घरात एकच असतो. आधार क्रमांक तर मुळीच वापरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालाने खाजगी कंपन्यांना आधार वापरू देणारी कायद्यातील तेव्हाची वाट बंद केली होती. शासनाचा शेतकरी ओळख क्रमांक, जो महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी आवश्यक करण्यात आला, तो निरनिराळ्या योजनांच्या वह्या जोडण्यासाठीच आहे. संस्थेने तो भेटवहीत घालू नये. संस्थेने आपला स्वतंत्र सभासद-क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून बाहेरच्या माणसास काहीही कळू नये, हाच त्याचा गुण होय.

क्रमांक शून्याने सुरू करू नये. एक्सेलचा तक्ता ००४५ यास ४५ करून टाकतो व मग दोन वह्या जुळत नाहीत. १००१ पासून सुरुवात केल्यास ही अडचण येत नाही.

वेवजीचे उदाहरण

पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यातील वेवजी हे गाव गुजरातच्या सीमेस लागून आहे. पलीकडे उंबरगाव तालुका लागतो. या भागातील एका उत्पादक कंपनीचे चारशे सभासद असून त्यांपैकी साठ वेवजीचे आहेत, अशी कल्पना करू. कंपनीने मे महिन्यात अनुदानित भात बियाण्याची मागणी संकेतस्थळावर नोंदविण्यास सांगितले. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत.

महिनाअखेर भेटवहीने सांगितले की २४० मोबाईलवरून ९०० भेटी झाल्या. मागणी मात्र ७० सभासदांचीच नोंदली गेली. सभेत निष्कर्ष निघाला की उरलेल्यांस बियाणे नको आहे, सबब पुढील वर्षी साठा कमी आणावा.

नंतर कार्यालयातील लिपिकाने दोन वह्यांची सांगड घातली. २४० पैकी ९० मोबाईलवरून लॉगिन झालेच नव्हते. ते बाजूस ठेवले. उरलेल्या १५० मोबाईलवरून मिळून १३० सभासदांनी प्रवेश केला होता. त्यांतील ७० जणांची मागणी पुरी झाली, ६० जणांची राहिली. या ६० पैकी ४१ जण एकाच पानावरून परतले होते. ते पान सातबारा उतारा जोडण्याचे होते. आणि त्या ४१ पैकी २४ जण एकट्या वेवजीचे होते.

यापुढील माहिती सभासद-वहीत होती. त्या चोवीस जणांपैकी बहुतेकांच्या नावापुढे 'जमीन वडिलांच्या नावे' किंवा 'वनपट्टा' असा शेरा होता. वडील वारले, वारसनोंद झालेली नाही. किंवा वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळाला, परंतु सातबाऱ्याच्या मालकी रकान्यात नाव नाही. अशा सभासदास संकेतस्थळ उतारा मागते व पुढे जाऊ देत नाही. म्हणजे बियाणे नको होते असे नव्हे, अर्जच त्यांना स्वीकारीत नव्हता. साठा कमी आणण्याचा निर्णय झाला असता तर जे बी मागावयास आले होते तेच पुढील वर्षीही बियाण्यावाचून राहिले असते, व कागदोपत्री सर्व ठीक दिसले असते.

तथापि आकड्यावरून एवढेच कळते की माणसे कोठे थांबली. ती का थांबली हे शेरा वाचून ताडता येते, पण खात्री करावयाची तर कार्यकर्त्याने पाड्यावर जाऊन विचारले पाहिजे. कदाचित त्या पानावर छायाचित्र चढविण्याइतकी लहर मोबाईलला मिळत नसेल. कारण वारसनोंदीचे निघाल्यास उपायही निराळा. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्यात १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीम हाती घेण्यात आली होती. तीतून राहिलेल्यांना महसूल कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज करण्यास साहाय्य करावे. आणि वनपट्टाधारकांसाठी पट्ट्याची प्रत चालेल असा बदल संस्थेने आपल्या अर्जात करावा. वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, हे लक्षात घेऊन पत्नीचा अर्जही ग्राह्य धरावा.

न आलेल्यांची यादी

सांगडीचा सर्वांत मोठा लाभ आणखी निराळा आहे. ४०० सभासदांपैकी १३० आले. म्हणजे २७० जण संकेतस्थळावर दिसलेच नाहीत. वेवजीच्या साठांपैकी ३२ जण दिसले. त्यांतील आठ जणांची मागणी पुरी झाली व चोवीस परतले. २८ जणांचा मागमूस नाही. भेटवही आलेल्यांचीच नोंद करते. न आलेल्यांची यादी फक्त सभासद-वहीतून आलेल्यांची नावे वजा केली म्हणजेच मिळते. भाताची रोपवाटिका टाकण्यास थोडे दिवस उरले असता कोणत्या अठ्ठावीस घरी आधी जावे, हे त्या यादीने ठरते. ज्यांच्यापाशी मोबाईल नाही, ज्यांना अर्ज वाचता येत नाही, जे उंबरगावच्या कारखान्यात पाळीवर जातात, त्यांचा आवाज भेटींच्या आकड्यात कधीच उमटत नाही. अशांसाठी कागदी अर्जाची सोय चालूच ठेवावी.

सांगड घालताना होणाऱ्या चुका

१. सामाईक मोबाईल. सेवा केंद्रचालक किंवा एखादा शिकलेला तरुण एकाच मोबाईलवरून वीस जणांचे अर्ज भरतो. प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगिन झाले नाही तर वीस अर्जांचे श्रेय एकास मिळते व एकोणीस जण 'न आलेले' ठरतात. म्हणून कोणास न आलेला म्हणण्यापूर्वी केंद्रचालकाकडे चौकशी करावी.

२. ठिकाणाचा घोटाळा. भेटवही गाव ओळखते ती इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि तो अंदाज ढोबळ असतो. सीमेवरील वेवजीत मोबाईलने गुजरातच्या बाजूचा मनोरा पकडल्यास ती भेट गुजरातची म्हणून मोजली जाण्याचा संभव आहे. यास्तव गाव नेहमी सभासद-वहीतून घ्यावे, भेटवहीतून घेऊ नये.

३. दुप्पट-तिप्पट मोजणी. ही चूक सर्वांत अधिक होते. चार भावांच्या सामाईक खात्यात दोन हेक्टर जमीन आहे. प्रत्येक भावापुढे दोन हेक्टर लिहून बेरीज केली तर आठ हेक्टर होते. असे सर्व गावाचे केले तर लागवडीचे क्षेत्र गावाच्या क्षेत्रफळाहून मोठे निघेल. वह्या जोडतानाही असेच घडते. एका सभासदाने तीन भेटी दिल्या व दोन मागण्या नोंदविल्या, आणि दोन्ही वह्या जशाच्या तशा जोडल्या, तर सहा ओळी तयार होतात व प्रत्येक मागणी तीनदा मोजली जाते. यावर उपाय असा की, जोडण्यापूर्वी प्रत्येक वहीचा गोषवारा काढून एका सभासदास एकच ओळ ठेवावी: एकूण भेटी किती, शेवटचे पान कोणते, एकूण मागणी किती. मगच जोडावे. जोडल्यावर मागणीची बेरीज मूळ वहीतील बेरजेइतकीच आली पाहिजे; न आल्यास तक्ता चुकला असे समजावे.

४. तारखांचा फरक. दोन्ही वह्या एकाच कालावधीच्या असाव्यात. भेटवहीचे घड्याळ भारतीय प्रमाण वेळेवर लावले आहे ना, हे पाहावे. ते ग्रीनविच वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडून पहाटेच्या भेटी आदल्या दिवशी जमा होतात.

५. नोंदी पुसल्या जाणे. गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या विनामूल्य सेवेत एकेका वापरणाऱ्याच्या स्तरावरील नोंदी मूळ मांडणीप्रमाणे दोन महिनेच राहतात. ही मुदत चौदा महिन्यांपर्यंत वाढविता येते. या खरिपाची तुलना मागील खरिपाशी करावयाची असेल तर ही मुदत आरंभीच वाढवून घ्यावी. मागाहून वाढविल्याने गेलेल्या नोंदी परत येत नाहीत.

सभासदाची संमती व गोपनीयता

सांगड घातली की निनावी नोंदीस नाव मिळते. तेव्हाच जबाबदारीही येते. कोणत्या सभासदाने कर्जाचे पान पाच वेळा उघडले, कोणी थकबाकीची माहिती पाहिली, हे एखाद्या सावकाराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाती गेले तर त्या कुटुंबाची अडचण चावडीवर मांडल्यासारखे होईल, व पडेल भावात माल देण्याची पाळी त्याच्यावर येईल. असा प्रसंग एकदा घडला की शेतकरी संकेतस्थळावर पाऊल ठेवणार नाही.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे सूत्र असे की, माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगून संमती घ्यावी, सांगितलेल्या कामासाठीच ती वापरावी, आणि दिलेली संमती परत घेण्याची वाट मोकळी ठेवावी. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, मिळण्याची तरतूद त्यात आहे. वारली बोली त्या अनुसूचीत नाही. म्हणून पाड्यावर ती सूचना सभासदास त्याच्या बोलीत तोंडी समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य समजावे. 'आपण संकेतस्थळावर कोणती पाने पाहिली हे आपल्या सभासद-क्रमांकापुढे नोंदले जाईल, व आपला अर्ज अडल्यास साहाय्य करण्यासाठीच त्याचा उपयोग केला जाईल', एवढ्या साध्या शब्दांत सांगितले तर शेतकऱ्यास ते कळते. जो नाही म्हणेल त्याची भेट निनावी ठेवावी, व त्यामुळे त्याचे बियाणे अडवू नये.

भेटवहीत नाव, मोबाईल क्रमांक वा पत्ता कधीही जाऊ देऊ नये. गुगलच्या सेवेत तसे पाठविण्यास त्या कंपनीच्या अटींनीच मनाई आहे. जोडलेल्या तक्त्यात फक्त सभासद-क्रमांक असावा. क्रमांकावरून नाव सांगणारी वही एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, कुलूपबंद असावी, व ज्या घरी जावयाचे त्या घरापुरतेच नाव उघडावे. असे तक्ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकण्याची सवय घातक आहे, ती मोडावी.

कामाचा क्रम

प्रथम एकच प्रश्न ठरवावा. उदाहरणार्थ, 'भात बियाण्याचा अर्ज कोठे अडतो?' प्रश्नावाचून वह्या जोडल्या तर नुसते आकडे जमतात. दुसरे, संकेतस्थळ बांधणाऱ्याकडून तारीख, सभासद-क्रमांक व पान या तीनच रकान्यांचा तक्ता मागावा. तिसरे, सभासद-वहीतून क्रमांक, गाव व प्रश्नास लागणारा शेरा एवढेच रकाने घ्यावेत. चौथे, दोन्हींचा गोषवारा काढून एका सभासदास एक ओळ ठेवावी. पाचवे, सभासद-वही पायाशी धरून, एक्सेलमधील व्हीलूकअप सूत्राने तिच्यापुढे भेटींचा गोषवारा आणावा. सभासद-वही पायाशी धरली म्हणजे न आलेलेही यादीत राहतात. भेटवही पायाशी धरली तर ते गळून जातात. हे सूत्र जुळणारी पहिलीच ओळ आणते, म्हणूनही गोषवारा आधी काढणे आवश्यक आहे. सहावे, बेरजा तपासाव्यात, व दहा-बारा सभासदांची नोंद त्यांना प्रत्यक्ष विचारून पडताळून पाहावी. सातवे, यादी घेऊन घरोघर जावे. आणि काम झाल्यावर जोडलेला तक्ता नष्ट करून फक्त एकूण आकडे जपून ठेवावेत.

घरभेटीत पिकाविषयी शंका निघाल्यास डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. ते १९७६ पासून या भागात कार्य करीत आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावरही विनामूल्य विचारता येते.

वरील विवेचनावरून दिसून येईल की, सांगड घालण्याचे काम महागड्या यंत्रसामग्रीवर अवलंबून नाही. स्वच्छ लिहिलेली सभासद-वही, सर्वांस समजून दिलेला क्रमांक आणि दरवर्षी मेअखेर एक दिवस बसून केलेला ताळा एवढ्यावर ते होते. ज्या संस्थांची सभासद-वही अपुरी आहे त्यांनी संकेतस्थळावर आणखी खर्च करण्यापूर्वी ती वही पुरी करावी. पाडा, जमिनीचा प्रकार व खाते कोणाच्या नावे आहे, हे तीन रकाने तीत नसतील तर ते या उन्हाळ्यात भरून घ्यावेत, म्हणजे पुढील खरिपात कोणाचा अर्ज कोठे अडला हे मृगाच्या आधीच कळून येईल.